शून्यावर सही नाही

हजेरीपटावर त्यांचं एक लांबलचक, भारदस्त नाव होतं, पण ते तिथून कधी खाली उतरलं नाही. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, रक्त घेण्याच्या खोलीत, लिफ्टमध्ये आणि हळूहळू स्वतःच्या घरातसुद्धा त्या नन्नाताई झाल्या. कोणी काही सांगायला गेलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द 'नाही' असा निघायचा. मग त्या समोरच्याचं सगळं नीट ऐकून घ्यायच्या आणि दहातल्या नऊ वेळा कामही करून द्यायच्या. पण लोकांच्या लक्षात राहतो तो पहिला शब्द, त्याला कोण काय करणार?

ही गोष्ट त्या उरलेल्या दहाव्या वेळेची आहे. तेव्हा ताईंना निवृत्त व्हायला चार महिने राहिले होते आणि त्यांनी गपगुमान ते चार महिने काढावेत अशी सगळ्यांची इच्छा होती. गपगुमान राहणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. अंगाने किरकोळ, केस आखूड कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि आवाज असा की पेशी मोजण्याच्या खोलीत बोलल्या तर जिन्यावरचा माणूस थबकायचा.

त्या वाढल्या बटणांच्या पोत्यात. आई कपड्यांच्या कारखान्यातून उरलेली, मिसळलेली बटणं पोत्याने घरी आणायची आणि मायलेकी जमिनीवर फतकल मारून ती निवडायच्या. पांढरी बटणं सगळ्यात वाईट. पुढून सगळी सारखी, एकाच आईची लेकरं वाटावीत अशी. पण पालथं केलं की कुणाला पाठीवर कडी, कुणाला नुसती भोकं. एकदा घाईघाईत मुलीने पुढूनच बघून वाटीभर बटणं निवडली, तेव्हा आईने ती सगळी वाटी परत पोत्यात ओतली. "पुढून काय बघतेस? उलटं कर आणि मग बोल," एवढंच म्हणाली. मुलगी तासभर रडली आणि मग पुन्हा पहिल्यापासून बसली. आईवर तेव्हा आलेला राग ताईंना पन्नाशी उलटल्यावरही जसाच्या तसा येत असे.

एकोणिसाव्या वर्षी त्या याच रुग्णालयात काचेच्या नळ्या धुवायला लागल्या. संध्याकाळच्या वर्गात शिकून पदविका मिळवली. पुढे ते मोठं यंत्र आलं तेव्हा ते चालवायला तिघांना शिकवलं गेलं; दोघं पदवीवाले वर्षभरात चांगल्या जागा बघून निघून गेले आणि यंत्र पदरात पडलं ते ताईंच्या. बावीस वर्षं त्यांनी ते सांभाळलं. नळीत बुडबुडा अडकला तर त्यांना पडद्यावर बघावं लागत नसे, घरघर बदलली की बाहेरच्या खोलीतून ओरडायच्या, "अडकलाय गं, थांबव!"

हे यंत्र करतं काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्या रक्तात लढणाऱ्या पेशी असतात हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण त्या लढणाऱ्यांना 'आता पुरे' म्हणणाऱ्या पेशीही असतात. त्या नसत्या तर आपली फौज आपल्याच सांध्यांवर, आतड्यांवर, कातडीवर तुटून पडली असती. पुस्तकात त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात. ताई म्हणायच्या 'आवरणाऱ्या'. दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसले की मधे पडून दोघांचे कान धरणारी एखादी आत्या असते ना, तशा. संख्येने थोड्या, टी पेशींच्या ज्या मोठ्या घोळक्यात त्या मिसळलेल्या असतात, त्यात शंभरात पाच, सहा, सात.

आता या आत्याबाई ओळखायच्या कशा? सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या गोलच. पण पेशीच्या अंगावर निरनिराळ्या खुणा असतात आणि प्रत्येक खुणेला आकडा दिलेला असतो. त्या त्या खुणेवर नेमकी जाऊन बसणारी, रंग लावलेली प्रतिपिंडं बाटलीतून मिळतात. रक्तात ती मिसळायची, पेशी एकामागून एक प्रकाशाच्या किरणासमोरून सोडायच्या, आणि पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. चार नंबरची खूण हवी, म्हणजे घोळका बरोबर. त्यात पंचवीस नंबरची भरपूर हवी. आणि एकशे सत्तावीस नंबरची जवळजवळ नको. हे तिन्ही जुळलं की ठिपक्यांच्या त्या पुंजक्याभोवती रेघ ओढायची. ताई त्याला कुंपण म्हणायच्या.

एकशे सत्तावीसची भानगड कशाला, तर पंचवीस नंबरची खूण नुकत्याच पेटून उठलेल्या लढणाऱ्या पेशींवरही येते. पूर्वी नुसत्या पंचवीसवर काम चालायचं. तेव्हाचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले सर म्हणत, एकदा फार खुशीत होते. सांधेदुखीच्या रुग्णांत त्यांना आवरणाऱ्या पेशी भरमसाट सापडत होत्या. ताई म्हणाल्या, "नाही सर. यातल्या निम्म्यांना सर्दी झालेली आहे. या आवरणाऱ्या नाहीत, भांडायला निघालेल्या आहेत." सर हसले, म्हणाले, "लावला हिने नन्नाचा पाढा!" पण चार दिवसांनी रुग्णांना विचारून आले आणि ताईंच्या टेबलापाशी उभं राहून म्हणाले, "नन्नाताई, तुमचं खरं निघालं." नाव त्या दिवशी चिकटलं आणि ते त्यांनी मानाने मिरवलं.

एक खूण पेशीच्या आतही असते आणि ती सगळ्यात भरवशाची. पण ती बघायची तर पेशीला भोकं पाडावी लागतात, म्हणजे ती मेलीच. ताईंना ते कधी पटलं नाही. "मेल्यावर ओळख पटून काय करायचंय?" म्हणायच्या. जिवंतपणी, अंगावरच्या खुणांवरून ओळखायचं हेच खरं काम, असं त्यांचं ठाम मत होतं.

आणि त्यांची एक सवय होती, जिच्यावरून पुढे सगळं महाभारत झालं. रोज सकाळी यंत्र सुरू केलं की त्या स्वतःच्या दंडाला पट्टी बांधून बोटभर रक्त काढायच्या आणि रुग्णांच्या आधी ते यंत्रातून सोडायच्या. शंभरात सात. कधी सहा दशांश नऊ, कधी सात दशांश दोन, पण सातच्या आसपास. ते दिसलं की यंत्र शुद्धीवर आहे, बाटल्या शुद्धीवर आहेत, आणि मगच दुसऱ्याच्या रक्ताला हात लावायचा. लग्नाच्या वाढदिवसाला नवरा विचारायचा, "आज किती आले?" आणि ताई म्हणायच्या, "सात. अजून तुम्हाला आवरण्याएवढ्या आहेत."

थोरले सर गेले आणि नवे साहेब आले. वाईट माणूस नव्हता तो. चाळिशीच्या आतला, हुशार, सदा झोप कमी पडलेला. तपासणीचं पथक येणार म्हणून त्याने नियमांची जाडजूड फाइल तयार केली. कर्मचाऱ्यांचं रक्त वापरायचं नाही. त्याऐवजी बाटलीतलं टिकवलेलं नमुना-रक्त वापरायचं. कुंपण हाताने हलवायचं नाही. संगणकात एकदा आखून दिलं तेच सगळ्यांना लावायचं. नमुन्यावर फक्त नंबर, रुग्ण कोण ते यंत्र चालवणाऱ्याला कळता कामा नये. ताईंनी प्रत्येक नियमाला 'नाही' म्हटलं आणि मग प्रत्येक नियम पाळला, कारण साहेब म्हणाला ते त्यांना पटलं होतं: "ताई, तुमचा हात सरळ आहे. पण उद्या तुमच्या जागी येणाऱ्याचा वाकडा असला तर?" रोजची पट्टी कपाटात गेली. दंडावरचा बावीस वर्षांचा हिरवा डाग हळूहळू पुसट झाला.

त्याच सुमारास पंचवीस नंबरची बाटलीही बदलली. जुनी कंपनी वेळेवर पाठवेना, म्हणून दुसऱ्या कंपनीची आली. खूण तीच, रंग तोच, झाकण मात्र निळ्याऐवजी करडं. नमुना-रक्तात आकडा बरोबर आला आणि कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. ताईंच्याही नाही.

साहेबाचा मोठा अभ्यास चालू होता. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं की शरीर त्याला परका समजून मारायला उठतं, म्हणून रुग्णाला जन्मभर फौजेला गुंगवणारी औषधं घ्यावी लागतात. ज्यांच्या रक्तात आवरणाऱ्या पेशी पुरेशा आहेत त्यांची औषधं जपून कमी करता येतील का, हे बघायचं होतं. ऑपरेशनच्या आधी एकदा आणि नंतर चौथ्या आठवड्यात एकदा मोजायचं. नंतरचा आकडा शंभरात दोनच्या खाली आला तर अभ्यासातून बाहेर, आणि औषधं पूर्ण मात्रेत, कायमची.

सतरा नंबरच्या मुलीचं चौथ्या आठवड्यातलं रक्त घेताना रक्त घेणाऱ्या बाईंनी हात टेकले. तीन ठिकाणी सुई टोचून झाली, शीर सापडेना. शेवटी नेहमीप्रमाणे ताईंना हाक गेली. म्हणजे नंबर कोणाचा हे कळता कामा नये हा नियम तिथेच मोडला, पण त्याला इलाज नव्हता.

मुलगी तिशीची. तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. तिला मूत्रपिंड मोठ्या भावाने दिलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या तिचं तोंड चालू होतं. "ताई, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"मी शिकवीन. साठ वर्षांच्या आजींना शिकवलंय मी."

"मी अठ्ठावन्नचीही नाही अजून. हात सैल सोड."

"आता तलावात उतरू देत नाहीत मला. या औषधांवर कुठलाही जंतू लागतो म्हणे. काठावर उभी राहून शिट्टी मारते. पोरं विचारतात, बाई तुम्हाला पाण्याची भीती वाटते का?" ती हसली, पण डोळे भरून आले होते. "या अभ्यासात राहिले तर दीड-दोन वर्षांत औषधं कमी होतील आणि उतरता येईल. राहीन ना मी?"

"मला काय विचारतेस? तुझ्या रक्ताला विचार," ताई म्हणाल्या, आणि एका टोचण्यात शीर पकडली.

बुधवारी दुपारी सतरा नंबरची नळी यंत्रातून गेली. ठरलेल्या कुंपणात एकही ठिपका नव्हता. संगणकाने छापलं: शून्य दशांश शून्य. खाली सहीची जागा.

ताईंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. ऑपरेशनच्या आधीचा याच मुलीचा आकडा होता सहा दशांश दोन. कमी होणं त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. चार झाला असता, दोन झाला असता, अगदी एक झाला असता. पण शून्य? ज्याच्या आवरणाऱ्या पेशी खरोखर शून्य होतात त्याचं अंग स्वतःवर उलटतं, तो खुर्चीत बसून पोहायला शिकवीन असं म्हणत नाही. त्यांनी पडदा मोठा करून बघितला. कुंपण रिकामं होतं, पण खाली, अगदी तळाशी, जिथे पंचवीस नंबरची खूण नसलेले ठिपके पडतात, तिथे एकशे सत्तावीस नसलेल्यांचा एक दाट पुंजका बसला होता. तिथे असा पुंजका त्यांनी बावीस वर्षांत कधी पाहिला नव्हता.

असं म्हणायला त्या गेल्या आणि जीभ अडखळली. पडद्यावर तो येऊन गेला असणार. याच महिन्यात, दोनदा. बारा नंबर आणि चौदा नंबर. दोघांनाही शून्य आलं होतं, तपासणीची गडबड होती, आणि त्यांनी कुंपणाबाहेर न बघता सही ठोकली होती. दोघं अभ्यासातून बाहेर गेले होते. ताई खुर्चीत मागे टेकल्या.

साहेब त्यांचं ऐकून घ्यायला तयार होता, पण अर्ध्यातच घड्याळाकडे बघायला लागला. "अभ्यासाची यादी शुक्रवारी दुपारी बाराला समितीकडे जाते ताई. नमुना-रक्त बरोबर आलंय ना?"

"आलंय."

"यंत्र ठीक आहे?"

"ठीक आहे."

"मग आकडा ठीक आहे. तुम्हाला ती मुलगी आवडली, हे मला समजतं. पण आवडीवर कुंपण हलवायचं नसतं. हे तर तुम्हीच थोरल्या सरांना शिकवलंत असं ऐकलंय मी."

हे वर्मी लागलं, कारण खरं होतं. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "कुंपण हलवणार नाही मी," त्या म्हणाल्या. "पण शून्यावर सही पण करणार नाही."

"मग मला करावी लागेल. आणि तुम्ही का केली नाही त्याचं कारण लेखी मागावं लागेल. चार महिने राहिलेत ताई, कशाला?"

त्या दिवशी घरी जेवताना ताई मूग गिळून बसल्या. नवरा निवृत्त लिफ्ट-मिस्त्री, कमी बोलणारा. त्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताईंनी सगळं सांगितलं. तो घास चावत विचार करत राहिला. "लिफ्टचं बटण दाबलं आणि दिवा लागला नाही," तो म्हणाला, "तर आम्ही आधी लिफ्ट मेली असं नाही म्हणायचो. बटणावर कोणी काही चिकटवलंय का ते बघायचो. पोरं च्युइंगम लावतात."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. "अहो, कधीतरी तुम्ही कामाचं बोलता," त्या म्हणाल्या आणि ताट तसंच ठेवून उठल्या.

गुरुवारी सकाळी त्या थेट तलावावर गेल्या. मुलगी काठावर शिट्टी गळ्यात घालून उभी होती आणि पाण्यात पंधरा पोरं कल्ला करत होती. ताईंनी रुग्णालयाचं कार्ड मागितलं. तिच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या पाकिटात सगळे कागद होते. ऑपरेशनच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी, दोनदा दिलेलं एक इंजेक्शन. लढणाऱ्या पेशी पेटू नयेत म्हणून काही रुग्णांना देतात ते. ताईंनी चष्मा चढवून ते नाव तीनदा वाचलं. ते औषध म्हणजेसुद्धा एक प्रतिपिंडच होतं, आणि ते जाऊन बसतं कुठे, तर नेमकं पंचवीस नंबरच्या खुणेवर. महिनाभर तिथून हलत नाही.

"काय झालं ताई? वाईट आहे का?"

"नाही," ताई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा 'नाही' एवढा मोठ्याने निघाला की पाण्यातली पोरं गप्प झाली.

खुर्चीवर आधीच कोणीतरी बसलेलं असेल तर दुसरा बसणार कुठे? करड्या झाकणाचं प्रतिपिंड त्याच जागेवर बसू पाहत होतं आणि जागा सापडली नाही म्हणून रंग लागत नव्हता. जुनं, निळ्या झाकणाचं, त्याच खुणेच्या दुसऱ्या अंगाला बसायचं, म्हणून पूर्वी कधी अडलं नव्हतं. पेशी जागेवर होत्या. पण हे ताईंच्या डोक्यात होतं. साहेबाच्या टेबलावर नव्हतं, आणि डोक्यातल्या गोष्टीला साहेब भीक घालणार नव्हता. शिवाय त्याचं म्हणणं बरोबरच होतं. दाखवायला हवं होतं.

प्रयोगशाळेत आल्या आल्या ताईंनी कपाट उघडून ती जुनी पट्टी काढली. दंडाला बांधली, दातांनी टोक ओढलं आणि स्वतःचं रक्त काढलं. पहिला नियम गेला. त्यांच्या पेशी धुऊन तीन नळ्यांत वाटल्या. पहिलीत त्यांच्याच रक्तातलं पिवळं पाणी घातलं. दुसरीत सतरा नंबरच्या मुलीचं ऑपरेशनच्या आधीचं, जे शीतपेटीत साठवलेलं होतं. तिसरीत तिचंच, कालच्या नळीतलं. अर्धा तास ठेवलं, धुतलं, करड्या झाकणाच्या बाटलीतून रंग दिला. कुंपण तेच, साहेबाने आखलेलं, केसभरही न हलवता.

पहिली नळी: सात. दुसरी: सहा दशांश नऊ. मग तिसरी नळी सोडली. ठिपके भराभरा पडत गेले आणि कुंपण कोरडं राहिलं. शून्य दशांश शून्य. तळाशी तोच दाट पुंजका, पण आता तो ताईंचा स्वतःचा होता.

मग त्यांनी शीतपेटीच्या मागच्या कप्प्यातून निळ्या झाकणाची बाटली काढली. मुदत संपून दोन महिने झालेले, तळाशी चार थेंब. दुसरा नियम गेला. सतरा नंबरच्या रक्ताला तो रंग दिला आणि तळाशी बसलेला पुंजका उठून कुंपणात आला. पाच दशांश चार.

शुक्रवारी सकाळी दहाला त्यांनी साहेबाच्या टेबलावर तीन कागद मांडले; चौथा, निळ्या बाटलीचा, बाजूला ठेवला. "हे माझं रक्त. हे माझंच रक्त. हेही माझंच. बावीस वर्षं सात आहे, आणि त्या मुलीच्या रक्तातल्या पाण्यात अर्धा तास बसवलं तर शून्य. माझ्या आवरणाऱ्या मेल्या म्हणायच्या का? मी तर तुमच्यासमोर उभी आहे आणि भांडते आहे."

साहेब कागदांकडे बघत राहिला. त्याने कुंपणाचे आकडे ताडून पाहिले, दुसरी नळी काय होती ते विचारलं, मग पुन्हा तिसऱ्या कागदाकडे आला. त्याचा चेहरा उतरत गेला. हुशार होता, एकदा दिसल्यावर त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने चौथा कागदही बघितला, "मुदत संपलेली बाटली," एवढंच पुटपुटला, आणि फोन उचलून समितीला सांगितलं की सतरा नंबरला यादीत थांबवून ठेवा, नवीन बाटली मागवतोय, पुन्हा मोजणार.

"आणि बारा? आणि चौदा?" ताईंनी विचारलं.

साहेबाने फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "तपासणी होऊ दे ताई. महिनाभरात बघतो. आत्ता दोन जुने अहवाल मागे घेतले तर सगळा अभ्यासच अडकेल."

"तोवर ते दोघं पूर्ण औषधांवर."

"बघतो म्हटलं ना."

नवी निळी बाटली सोमवारी आली. आकडा पाच दशांश पाच आला आणि पोहायला शिकवणारी मुलगी अभ्यासात राहिली. त्यावर ताईंनी सही केली, जरा जास्तच ठसठशीत. त्याच दुपारी त्यांच्या हातात मेमो पडला. साहेबाला तो द्यावाच लागला, कारण यंत्राच्या नोंदीत सगळं दिसत होतं आणि पथक गुरुवारी येणार होतं. आरोप तीन: स्वतःचं रक्त वापरलं, मुदत संपलेली बाटली वापरली, रुग्णाला गाठून तिची माहिती काढली. खाली उत्तरासाठी जागा.

"नुसतं 'दिलगीर आहे' लिहा," साहेब म्हणाला. त्याचा आवाज नरम होता. "मी वर पाठवतो, शेरा मारून मिटवतो. तुमचं नाव खराब होऊ देणार नाही मी."

ताईंनी चष्मा चढवला, खुर्ची ओढली आणि लिहायला बसल्या. त्यांचं अक्षर मोठं होतं आणि जागा लहान, त्यामुळे ओळी समासात गेल्या. लिहून झाल्यावर त्यांनी कागद साहेबाकडे वळवला.

'तिन्ही आरोप खरे आहेत. दिलगीर नाही. चौथा आरोप लिहायचा राहिला आहे, तो मी लिहिते. बारा आणि चौदा नंबरच्या अहवालांवरची शून्यं चुकीची आहेत. त्यावर सही माझी आहे. मी पडदा नीट बघितला नाही. दोघांना परत बोलावून पुन्हा मोजावं.' खाली सही आणि ते हजेरीपटावरचं लांबलचक नाव, पूर्णच्या पूर्ण.

साहेबाने वाचलं. मेमोचं उत्तर दडपता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याची एक प्रत पथकाच्या फाइलीत जाते, एक वर जाते. त्याने कपाळावर हात चोळला. "ताई, निवृत्तीच्या तोंडावर स्वतःच्या हाताने स्वतःवर ठपका लिहून देताय तुम्ही. बावीस वर्षांचं नाव आहे तुमचं. पहिल्या तीनचं मी बघून घेईन. हा चौथा तेवढा काढा."

ताईंना एकदम ती वाटीभर पांढरी बटणं आठवली, पोत्यात परत ओतलेली. आईवरचा राग त्या दिवशी पहिल्यांदाच आला नाही.

"नाही," नन्नाताई म्हणाल्या.

साहेबाने मेमो बाजूला ठेवला. मग त्याने कपाटातून अभ्यासाची फाइल काढली, बारा नंबरचं पान उघडलं आणि टेबलावरचा फोन ताईंच्या बाजूला सरकवला.